झायन कॅन्यन: आंबा संपल्यावर नको, भात घरात आल्यावर जा

आमच्या रत्नागिरीच्या बाजूला ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांचं वेळापत्रक ठरलेलं असतं, आंब्याची शेवटची पेटी गेली, लाकडं-गवऱ्या आत टाकून आगोटीची म्हणजे पावसाआधीची तयारी झाली की मेअखेर नाहीतर जूनच्या पहिल्या आठवड्यात विमानात बसायचं. मग मुलं बिचारी सुट्ट्या जमवून जून-जुलैमध्ये आईबाबांना फिरवतात आणि लास व्हेगास, ग्रँड कॅन्यन, झायन हे ठरलेलं सर्कल होतं. यातलं झायन नॅशनल पार्क आम्ही भर उन्हाळ्यात पण पाहिलं आणि ऑक्टोबरच्या शेवटी पण पाहिलं, आणि दोन्हीत इतका फरक आहे की गावातलं कोणी विचारलं की मी पहिल्यांदा महिना विचारते, बाकीचं नंतर. त्यामुळे हा रिव्ह्यू डोंगर किती सुंदर आहेत याचा नाही, ते फोटोत दिसतंच, हा तिथल्या सोयींचा आणि कधी जावं याचा आहे.

आधीच सांगून टाकते. पार्कच्या बसला पाचपैकी पाच. हवामान आणि पुराची माहिती जशी देतात त्याला पाचपैकी पाच. पाण्याच्या सोयीला पाच. खाण्यापिण्याला दोन. आणि जुलैच्या दुपारला काहीच नाही, त्या वेळी तिथे नसावंच.

झायन आहे युटा राज्याच्या नैऋत्य कोपऱ्यात. लास व्हेगासहून गाडीने अडीच-तीन तास, पण युटामध्ये शिरलं की घड्याळ एक तास पुढे जातं, हे आधीच धरून चला नाहीतर सकाळची बस पकडायचं गणित चुकतं. १९१९ पासून हे नॅशनल पार्क आहे. व्हर्जिन नदीने लाखो वर्षं वाळूचा दगड कापत नेला आणि ही खोल दरी झाली. ग्रँड कॅन्यनला आपण वरच्या कड्यावर उभं राहून खाली बघतो, इथे आपण तळाला असतो आणि लाल-पांढऱ्या भिंती दोन्ही बाजूंनी वर जातात. तळ सुद्धा समुद्रसपाटीपासून साधारण १२०० मीटरवर आहे.

आता उन्हाचं. आपल्याला वाटतं आपण उकाड्यातली माणसं, आपल्याला काय होतंय. पण आपला उकाडा घामाचा, मे महिन्यात रत्नागिरीत पारा ३३-३४ च्या पुढे फारसा जात नाही पण पाठ भिजते, पदर भिजतो, जीव घाबरा होतो म्हणून आपण पाणी पितो. झायनला जुलैचं सरासरी कमाल तापमान १०० फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, आणि काही दिवस ४३ च्या वर पण जातं, आणि हवा इतकी कोरडी की घाम दिसतच नाही, अंगावर यायच्या आत उडून जातो. त्यामुळे कोकणातल्या माणसाला उलट बरंच वाटतं, अरे घाम नाही, चला अजून थोडं चालू. इथेच धोका आहे. मी मानेवरून हात फिरवला तर कातडी खरखरीत लागली, बोट बघितलं तर पांढरं मीठ, म्हणजे घाम भरपूर येऊन गेलेला आणि मला पत्ताच नाही. ह्यांचे ओठ दुपारपर्यंत फुटले होते. मुलगी मला सारखी सांगत होती, "आई, तू तहानेची वाट बघू नकोस, घड्याळ बघून पी." हे वाक्य मी आता जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते. पार्कवाले माणशी दिवसाला एक गॅलन म्हणजे जवळजवळ चार लिटर पाणी सांगतात, आणि नुसतं पाणी नाही, बरोबर खारट काहीतरी खा असंही सांगतात. आम्ही मुलीच्या घरचं कोकम आगळ एका छोट्या बाटलीत घेतलं होतं, पाण्यात थोडं घालून दर तासाला घेत होतो, आगळात मीठ असतंच, त्यामुळे वेगळी पावडर घ्यावी लागली नाही. ब्लडप्रेशरवाल्यांनी मात्र मिठाचं डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

रात्री तापमान झपकन उतरतं, जुलैत सुद्धा २० च्या आसपास येतं. दिवस-रात्रीत १७-१८ डिग्रीचा फरक ही गोष्ट आपल्याकडे समुद्रकाठी होतच नाही त्यामुळे आपण शाल-स्वेटर बॅगेत टाकायचा विसरतो. कुठल्याही महिन्यात गेलात तरी एक गरम कपडा हवाच.

आणि आता पाऊस. हा भाग नीट वाचा, कारण गावात मी सांगायला लागले की शेजारचे काका म्हणतात, "अगो, वाळवंटात कसला पाऊस, आणि पावसाचं आम्हाला काय सांगतेस." खरंय, झायनला वर्षभरात ४०० मिलीमीटरच्या आसपासच पडतो, आपल्याकडे एकट्या जुलैत त्याच्या दुपटीच्या वर होतो. पण तिथे जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत मान्सून असतो आणि तो आपल्यासारखा दिवस-दिवस झोडपणारा नाही, सकाळ स्वच्छ निळी, बाराच्या पुढे डोंगरामागे ढग चढायला लागतात, आणि दोन-तीन वाजता कुठेतरी एका जागी जोरात कोसळतो. त्या "कुठेतरी"मध्ये सगळं आलं. आपल्या सड्यावर कातळ उघडा असतो तिथे सर आली की पाणी मुरत नाही, सरळ धावत सुटतं, आणि खाली वाडीत ऊन असताना पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, पाणी येतं, तसंच तिथे होतं, फक्त तिथला कातळ मैलोन्‌मैल पसरलाय आणि ते सगळं पाणी उतरायला वाट एकच, अरुंद घळ. आपल्या पऱ्याचं पाणी वाढलं तर मळ्यात पसरतं, माणूस बांधावर चढतो. तिथे 'नॅरोज' म्हणून जो प्रसिद्ध भाग आहे, जिथे नदीच्या पात्रातूनच चालत जायचं असतं, तिथे भिंती हजार फूट उंच आणि पात्र काही ठिकाणी जेमतेम वीस-तीस फूट रुंद. चढणार कुठे? १४ सप्टेंबर २०१५ ला तिथल्याच कीहोल कॅन्यन नावाच्या घळीत सात जण पुरात गेले, आणि त्या सकाळी परमिट देताना पुराची दाट शक्यता आहे हे सांगितलेलं होतं. २०२१ च्या जुलैत चिपळूणला वाशिष्ठीने काय केलं ते आपण पाहिलंय, पुराची भीती आपल्याला कोणी शिकवायला नको, पण आपण पाऊस डोक्यावर असला की घाबरतो. तिथे डोक्यावर आकाश निळं असताना घाबरायचं.

म्हणूनच मी हवामानाच्या सेवेला पूर्ण मार्क देते. मोबाइलच्या अॅपवर स्प्रिंगडेल टाकलंत (पार्कच्या दारातलं गाव) तर ते फक्त त्या गावाचं सांगतं, त्यावर जाऊ नका. नॅशनल वेदर सर्व्हिस रोज त्या भागासाठी अचानक येणाऱ्या पुराचा अंदाज देते, त्याच्या चार पायऱ्या आहेत, पूर अपेक्षित नाही, शक्य आहे, दाट शक्यता आहे, आणि शेवटची म्हणजे येणारच असं धरा. हा अंदाज व्हिजिटर सेंटरला लावलेला असतो आणि काउंटरवर रेंजरला, म्हणजे पार्कच्या माणसाला, विचारता येतं. तो तिथेच बघून घ्या कारण पुढे कॅन्यनमध्ये मोबाइलला रेंज जवळपास नाहीच. आम्ही उन्हाळ्यात गेलो त्या दिवशी दुसरी पायरी होती, शक्य आहे. ह्यांनी विचारलं, नदीत जायचं की नाही, एक काय ते सांगा. रेंजरबाईने जा पण म्हटलं नाही आणि जाऊ नका पण म्हटलं नाही, तिने नकाशा आमच्याकडे फिरवला, नदी जिथून येते त्या उत्तरेच्या पठारावर बोट ठेवलं आणि म्हणाली ढग इथे बघायचे, तुमच्या डोक्यावरचे नाही, आणि पाणी गढूळ झालं, काटक्या-पानं वाहून यायला लागली, वरून घरघर ऐकू आली तर सामान उचलत बसू नका, उंच जागी जा. कुठलीही घाई नाही, मागे लाइन होती तरी. निर्णय आपला असतो पण तो घ्यायला लागणारी सगळी माहिती ती माणसं हातात देतात, हे मला फार आवडलं.

आम्ही नदीत शिरलो नाही, काठाकाठाने रिव्हरसाइड वॉक केला. दुपारी परत येताना जावई थांबला, सकाळी त्याने पाण्याच्या कडेला वाळूत एक काडी रोवून ठेवली होती, ती दिसेना. आमच्यावर ऊन होतं. पाणी दोन-तीन इंचच चढलं असेल पण रंग बदलला होता, हिरवट होतं ते तपकिरी झालेलं, आणि नॅरोजच्या बाजूने लोक काठ्या टेकत भराभर परत येत होते. पूर वगैरे काही आला नाही, पण तिथे पाणी कसं वागतं हे त्या काडीने दाखवलं.

नॅरोज बंद कधी ठेवतात ते पण ठरलेलं आहे, मनावर नाही. नदीचा प्रवाह सेकंदाला १५० घनफुटांच्या वर गेला, म्हणजे साधारण सव्वाचार हजार लिटर, की बंद. पुराची वॉर्निंग लागली की बंद. वसंतात वरच्या डोंगरातला बर्फ वितळतो त्यामुळे एप्रिल-मेमध्ये बरेचदा बंदच असतं, म्हणजे मेमध्ये हवा छान, कमाल २८ सेल्सिअस वगैरे, पण नॅरोजसाठी म्हणून जाणार असाल तर निराश व्हाल. आणि अजून एक, नदीच्या पाण्यात २०२० पासून विषारी शेवाळासारखे जिवाणू सापडलेत, सायनोबॅक्टेरिया, त्यामुळे ते पाणी प्यायचं नाही, तोंडात जाऊ द्यायचं नाही, पार्कमध्ये बोर्ड लावलेत.

बसबद्दल. २००० साली सुरू झाली, आता सगळ्या बस इलेक्ट्रिक आहेत. साधारण मार्च ते नोव्हेंबर आणि नाताळच्या सुट्टीत चालतात, आणि बस चालू असताना कॅन्यनच्या आतल्या रस्त्यावर खासगी गाड्या बंद. आधी वाटलं आपली गाडी असताना बस कशाला, पण आत गेल्यावर कळलं, हॉर्न नाही, धूर नाही, बस इतकी शांत की नदीचा आवाज येतो. वेगळं तिकीट नाही, बुकिंग नाही. दर काही मिनिटांनी येते. व्हिजिटर सेंटरपासून शेवटच्या टेंपल ऑफ सिनावावा स्टॉपपर्यंत पाऊण तास लागतो, कुठेही उतरा, परत चढा. स्प्रिंगडेल गावातून पण फुकट बस आहे, ती पार्कच्या दारापर्यंत सोडते, म्हणून गाडी गावात नाहीतर हॉटेललाच ठेवा, कारण पार्कचं पार्किंग सिझनला सकाळी आठ-नऊलाच भरतं. ह्यांचा गुडघा दुखतो, बसला चढायला त्रास झाला नाही, व्हीलचेअर घेऊन लोक चढत होते.

गुडघेवाल्यांसाठी सांगते, रिव्हरसाइड वॉक जाऊन-येऊन साडेतीन किलोमीटर, जवळजवळ सपाट, सिमेंटसारखा केलेला. भिंतीतून पाणी झिरपतं आणि तिथे नेचे आणि फुलं लोंबतात, वाळवंटात. वरच्या सच्छिद्र वाळूच्या दगडातून पाणी मुरत मुरत खाली येतं आणि खाली पाणी न सोडणारा थर लागला की बाजूने बाहेर पडतं. मी हात लावून बघितला, गार. पारुस ट्रेल पण सपाट आहे, नदीकाठाने, पण तिथे सावली कमी त्यामुळे सकाळी किंवा संध्याकाळी. एंजल्स लँडिंगचं नाव सगळे घेतात, साखळ्या धरून कड्यावर चढायचं असतं, त्याला १ एप्रिल २०२२ पासून परमिट लागतं आणि ते लॉटरीने मिळतं. तरुण मुलांनी जरूर करावं. आमच्या वयाच्यांना खालून बघायला पण तो कडा पुरतो.

पैशाचं नीट ऐका कारण हे बदललंय. आधी गाडीमागे ३५ डॉलर दिले की सात दिवस चालायचं, मग गाडीत कितीही माणसं असोत. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत न राहणाऱ्या परदेशी पाहुण्यांना झायनसकट ११ मोठ्या पार्कांमध्ये माणशी १०० डॉलर जादा लावलेत, ग्रँड कॅन्यन आणि ब्राइस पण त्यात आहेत. परदेशी लोकांसाठीचा वर्षाचा पास २५० डॉलरचा आहे, तो घेतला की हा जादा आकार लागत नाही. म्हणजे आपण नवरा-बायको गेलो आणि दोन-तीन पार्क करायची असतील तर पासच परवडतो. तिथे राहणाऱ्या मुलांसाठी पास ८० डॉलरचाच आहे. मुलांना हे आधीच बघून ठेवायला सांगा, गेटवर आईबाबांसमोर हिशेब करायला लागला की त्यांची पण पंचाईत होते आणि आपल्याला उगाच वाटत राहतं की आपल्यामुळे खर्च झाला.

खाणं. कॅन्यनमध्ये एक लॉज आहे तिथे मिळतं, गावात हॉटेलं आहेत पण महाग, आणि शाकाहारी माणसाला सॅलड-सँडविचच्या पुढे फार नाही. आम्ही मुलीकडून मेथीचे ठेपले, लसणाची चटणी, दडपे पोह्यांचं सामान नेलं होतं, नदीकाठी झाडाखाली बसून पोहे कालवले. खारींना काही टाकू नका, दंड आहे आणि त्या चावतात पण. पाणी भरायचे नळ मात्र जागोजागी, गार पाण्याचे. आपली बाटली न्यायचीच.

आता ऑक्टोबर. शेवटच्या आठवड्यात गेलो तेव्हा हे तेच ठिकाण आहे का असं वाटलं. ऑक्टोबरची सरासरी कमाल २५-२६, किमान ९-१०, नोव्हेंबरला कमाल १७ च्या आसपास आणि रात्री तीनेक डिग्री. पावसाचा सिझन संपलेला, नदी निवळ आणि उथळ, तळाचे गोटे मोजता यावेत अशी. नदीकाठची कॉटनवुडची झाडं ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला पिवळी होतात, आणि मागे ती लाल भिंत, आणि वर दुपारी सुद्धा बोचत नाही असं ऊन. दरी खोल असल्यामुळे ऊन तळाला यायला उशीर होतो, नऊ-साडेनऊपर्यंत कानटोपी लागली, अकराला स्वेटर कमरेला. आम्ही जुलैत ज्या वाटेवर अर्ध्यातून मागे फिरलो होतो ती लोअर एमराल्ड पूलची वाट हे गुडघ्यासकट पूर्ण चालले, धबधब्याच्या पातळ पडद्याखालून गेले आणि पलीकडे जाऊन मला हात केला. मला तो दिवस विसरता येणार नाही.

आणि बागायतदारांनी बघा, हा काळ आपल्याला पण बसतो. जुलै-ऑगस्टमध्ये कलमांना कल्टार (मोहोरासाठीचं औषध) घालायचं असतं, मग गणपती, त्यासाठी तर घरी असायलाच हवं. दसऱ्याच्या मागेपुढे भात कापून झोडून घरात आलं की मोहोराच्या फवारण्या जोरात सुरू होईपर्यंत थोडी उसंत असते, तीच झायनची सगळ्यात चांगली वेळ आहे. जे मेमध्ये जाऊन सहा महिने मुलांकडे राहतात त्यांनी बाकी सगळं आधी बघून घ्यावं आणि झायन परतीच्या आधी शेवटी ठेवावं, तेवढ्यासाठी वेगळा खर्च पण नाही.

टूरने जाणाऱ्यांनी कागद हातात आला की वेळ वाचा. आमच्या वाडीतल्या एका कुटुंबाने मला मुंबईच्या एका टूरवाल्याची आयटिनररी दाखवली, ऑगस्ट महिना आणि झायन दुपारी १२ ते ३. ऊन सगळ्यात कडक तेव्हा आणि ढग फुटायची वेळ पण तीच, शिवाय पाऊण तास जायला, पाऊण तास यायला बस, म्हणजे हातात राहिला दीड तास. मी त्यांना सांगितलं की मुक्काम स्प्रिंगडेलला मागा, सकाळ मागा, नाही देत म्हणाले तर दुसरा बघा. माणशी लाखो रुपये घेता आणि म्हाताऱ्या माणसांना त्या वेळेला तिथे उभं करता, याचा मला खरंच राग येतो.

डिसेंबर ते फेब्रुवारीत गर्दी कमी, कमाल ११ ते १४ आणि रात्री शून्याच्या खाली, वाटांवर बर्फ गोठून निसरडं होतं, त्यामुळे आपल्या चपला-सँडलवाल्यांनी नकोच. एरवी बस नसते तेव्हा आतल्या रस्त्यावर स्वतःची गाडी नेता येते, गाडीतून बघायचं असेल तर चालेल.

आणि ज्यांचं जून-जुलैचंच पक्कं झालंय, सुट्टी बदलत नाही, त्यांनी असं करा. आदल्या रात्री स्प्रिंगडेलला मुक्काम, पहाटे उठून पहिल्या बसने थेट शेवटच्या स्टॉपला, रिव्हरसाइड वॉक सावलीत करून घ्या, साडेदहा-अकराला बाहेर पडा, निघताना व्हिजिटर सेंटरचं म्युझियमसारखं प्रदर्शन एसीत नाही पण सावलीत आहे तेवढं बघा. मग दुपारच्या उन्हात चालायच्या ऐवजी गाडीने पूर्वेकडच्या बोगद्यातून निघा, १९३० चा बोगदा आहे, मैलभराच्या वर लांब, आणि साधारण दोन तासांत ब्राइस कॅन्यनला पोचता. ते आठ हजार फुटांच्या वर आहे त्यामुळे झायनपेक्षा बरंच थंड, जुलैत सुद्धा संध्याकाळी स्वेटर लागतो. ढग तिथे पण दुपारी येतात, विजा चमकायला लागल्या तर कड्यावर उभं राहू नका, गाडीत बसा. मोठी कॅम्परव्हॅन भाड्याने घेणार असाल तर बोगद्यातून मोठ्या गाड्यांना जाऊ देत नाहीत, ते बुकिंगच्या आधीच विचारून घ्या, नाहीतर लांबचा वळसा पडतो.